नाना, त्या दिवशी तुम्ही मला रस्त्यात थांबवलंत

नाना, साष्टांग नमस्कार.

फोनवर आभार मानायला लागले की तुम्ही "बरं बरं, हरणी जेवली का" म्हणून विषय बदलता, म्हणून आता सगळ्यांसमोर लिहितेय. वहिनी वाचून दाखवतील, तेव्हा मध्ये उठून जाऊ नका, शेवटपर्यंत ऐका.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, नाना म्हणजे आमच्या पलीकडच्या गल्लीतले रिटायर्ड फौजी. आर्मीत डॉग हँडलर होते, मेरठच्या आरव्हीसी सेंटरला, म्हणजे आर्मीच्या जनावरांच्या खात्याकडे, ट्रेनिंग झालेलं, नंतर सगळी नोकरी कुत्र्यांबरोबर गेली. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर फेब्रुवारीपासून पनवेलला मुलाकडे असतात. आणि मी साताऱ्यात नऊ वर्षं पळतेय, हिल हाफ मॅरेथॉन चारदा केलीय, आठवड्यातले पाच दिवस पहाटे रस्त्यावर असते. एकटी बाई, अंधार, त्यात भटक्या कुत्र्यांच्या टोळ्या, त्यामुळे आपल्या बरोबर पळणारं एक कुत्रं असावं असं फार दिवस मनात होतं. कारवान घ्यायचं हे तर ठरलेलंच, कारण लांब पाय, खोल छाती, अंगावर चरबीचं नाव नाही, ती जातच पळण्यासाठी आहे असं सगळे सांगायचे. सोलापूरकडून एका माणसाकडून दोन महिन्यांची पिल्ली आणली, तीच हरणी. तो म्हणाला, तिसऱ्या महिन्यापासून पळवा, आणि इंजेक्शनं वगैरे शहरातल्या कुत्र्यांना लागतात, ही आपली गावठी जात काटक असते. मी ते खरं धरलं. पहिला डोस एका डॉक्टरांनी आग्रह केला म्हणून दिला तेवढाच.

तर जुलै महिना, भुरभुर पाऊस, हरणी बरोबर तीन महिन्यांची. माझं सप्टेंबरच्या रेसचं ट्रेनिंग चालू होतं. तिच्या गळ्यात चोक चेन, दुसरं टोक माझ्या कमरेला, आणि मी तिला डांबरी रस्त्यावरून घेऊन चालले होते. पळवतच होते, खरं तेच लिहिते. सव्वा किलोमीटर झालेलं. ती मागे राहायला लागली की चेन आवळायची, मग ती दोन उड्या मारून पुढे यायची. मला वाटत होतं शिकतेय.

तुम्ही दूध घेऊन येत होतात. रस्त्याच्या मध्ये उभे राहिलात आणि हात आडवा केलात.

"पोरी, किती म्हैन्याची हाय ही?"

"तीन."

"हिच्या हाडात आजून दूध हाय. आन् तू घाट चढाया निघालीस."

मग दुधाची पिशवी बाजूच्या कट्ट्यावर ठेवून तुम्ही खाली बसलात, ओल्या रस्त्यावर तसेच, आणि तिचा पुढचा डावा पाय हातात घेतलात. पंजाची गादी वर करून मला दाखवलीत. मधली गादी सोलवटली होती, गुलाबी दिसत होती आणि तिला कडेने बारीक खडी चिकटलेली. मी रोज तिचे फोटो काढत होते नाना, पण पाय एकदाही उचलून बघितला नव्हता. तुम्ही तुमच्या रुमालाने ती खडी एकेक करून काढलीत, ती तुमचा अंगठा चाटत होती, आणि मी तिथे उभी राहून रडले. तुम्ही रागावला नाहीत. फक्त चेन तिच्या गळ्यातून काढून स्वतःच्या खिशात टाकलीत आणि म्हणालात, घरी उचलून न्ये, आन् संध्याकाळी ये माझ्याकडं. ती चेन मला परत कधीच दिसली नाही.

त्या संध्याकाळी तुम्ही जे सांगितलंत ते मी नंतर डॉक्टरांनाही विचारलं आणि त्यांनी तेच सांगितलं. पिल्लाच्या हाडांच्या टोकाला वाढीचा मऊ भाग असतो, ग्रोथ प्लेट म्हणतात, तो अजून हाड झालेला नसतो, आणि उंच जातींमध्ये तो बंद व्हायला वर्ष ते दीड वर्ष लागतं. तोपर्यंत लांब एकसारखं पळणं, कडक रस्ता, जिने, उंचावरून उड्या, हे सगळं त्या भागावर येतं. तिथे मार बसला तर पाय वाकडा वाढू शकतो आणि सांधे कायमचे खराब होऊ शकतात. मोकळं बागडू द्यायचं, मातीत, तिला वाटेल तेव्हा थांबता आलं पाहिजे. पळायचं तिने तिच्या मनाने, माझ्या घड्याळाने नाही. आणि हेही डोस पूर्ण झाल्यावरच, त्याआधी बाहेर जमिनीवर ठेवायचंच नाही, कारण पार्व्होचा विषाणू मातीत महिनोन्‌महिने टिकतो. पार्व्हो झालेलं पिल्लू तुम्ही बघितलेलं होतं, रक्ताचे जुलाब आणि उलट्या आणि दोन दिवसांत खेळ संपतो. मी मात्र ऐन पावसाळ्यात, सगळ्या गावाची कुत्री जिथे हगतात त्या कडेने तिला फिरवत होते. दुसऱ्या दिवशी सकाळी दवाखान्यात गेलो, राहिलेले डोस चालू केले, रेबीजचं इंजेक्शनही वेळेत झालं. तिला काही झालं नाही हे आमचं नशीब.

पण जमिनीवर ठेवायचं नाही म्हणजे घरात कोंडायचं नाही, हेही तुम्हीच शिकवलंत, आणि माझ्या मते सगळ्यात मोलाचं तेच. तुम्ही म्हणालात की तीन साडेतीन महिन्यांपर्यंत पिल्लू जे बघेल ते त्याला आपलं वाटतं, त्यानंतर नवीन दिसलेलं सगळं भीतीचं वाटायला लागतं, आणि आपल्या हातात आता जेमतेम दोन-तीन आठवडे आहेत. मग तुम्ही भाजीचा मोठा कापडी झोळा काढलात, आत जुनी चादर घातलीत, आणि रोज संध्याकाळी आम्ही तिघं निघायचो. एसटी स्टँड, पोवई नाका, राजवाड्याची चौपाटी. झोळा तुमच्या खांद्याला, छत्री माझ्या हातात, झोळ्यातून फक्त तिचं नाक आणि दोन कान बाहेर. स्टँडवर गाडी रिव्हर्स घेताना कंडक्टरची शिट्टी वाजली की ती आत बुडी मारायची, तुम्ही काही बोलायचा नाहीत, कुरवाळायचाही नाहीत, नुसतं झोळ्यात बोट घालून उकडलेल्या चिकनचा हरभऱ्याएवढा तुकडा द्यायचात. पाचव्या दिवशी शिट्टी वाजली आणि तिने तुमच्याकडे तोंड वर करून बघितलं, तुकडा कुठेय म्हणून. तुमचा चेहरा तेव्हा कसा झाला होता ते मला अजून आठवतं. आज ती ट्रकच्या हॉर्नला कानसुद्धा हलवत नाही आणि पहाटे हायवेच्या कडेने चालताना मला त्याचा किती आधार आहे हे मी सांगू शकत नाही.

घरातलं बाकी सगळं तर कुठल्याही पिल्लाचं असतं तसंच. शी-शूसाठी तुमचा एकच नियम, झोपून उठली की, खाल्लं की, खेळून झालं की लगेच बाहेरच्या कागदावर, आणि चुकून घरात झाली तर तिला ओरडायचं नाही, गुपचूप पुसायचं. दात पडायला लागले तेव्हा माझे बूट कुरतडले, मग तुम्ही ओलं फडकं पिळून फ्रीजरमध्ये ठेवून द्यायला सांगितलंत. कांदा-लसूण, द्राक्षं, मनुका, चॉकलेट हे वरच्या फळीवर. नुसती दूध-चपाती बंद करून अंडं, चिकन आणि भात चालू केला. हे मी भरभर लिहितेय कारण हे मला कुणीही सांगितलं असतं.

पट्ट्याला धरून चालायचं मात्र कुणी सांगितलं नसतं, निदान तसं नाही. "ती ओढती तवा तू झाड व्हायचं," एवढंच म्हणालात. ती ओढायला लागली की मी उभी, पट्टा सैल झाला की एक पाऊल. पहिल्या दिवशी आपल्या गल्लीच्या तोंडापर्यंत, म्हणजे दोनशे मीटर, जायला पंचवीस मिनिटं लागली. पळणाऱ्या माणसाला उभं राहणं किती अवघड जातं हे पळणाऱ्यालाच कळेल, माझे पाय अक्षरशः थरथरत होते, मी सारखी घड्याळाकडे बघत होते. तिसऱ्या दिवशी तुम्ही माझं घड्याळ मागून घेतलंत आणि तुमच्या मनगटावर बांधलंत. त्यानंतर महिनाभर माझी सकाळची रनिंग वेगळी आणि हरणीची वेळ वेगळी, दोन्ही एकत्र करायची नाहीत, असं तुम्ही ठरवून दिलंत. त्यामुळे माझं ट्रेनिंगही बुडलं नाही आणि तिच्यावरचा राग, जो खरं तर माझा मलाच होता, तोही गेला.

मग तो दोर. सुती, तीस फुटांचा, टोकाला पितळी कडी, तुमच्या पडवीतल्या खुंटीला टांगलेला असायचा. हा कुणाचा म्हणून मी विचारलं तेव्हा तुम्ही म्हणालात, माझ्या लॅब्रेडॉरचा, ती बारूद शोधायची, मी रिटायर झालो आन् ती युनिटमध्येच राहिली. एवढंच. दीड वर्षात त्यावर पुन्हा बोलला नाहीत आणि मीही विचारलं नाही. पण तुम्ही त्यानंतर घरात कुत्रं पाळलं नव्हतं हे मला माहीत होतं, आणि तोच दोर तुम्ही उतरवून हरणीच्या पट्ट्याला अडकवलात. त्याबद्दल थँक्यू हा शब्द पुरत नाही नाना, मला दुसरा सुचतही नाही.

कारवान कुत्रं वासावर कमी आणि नजरेवर जास्त चालतं, लांबवर काही हललं की ते गेलंच, मग हाक त्याच्या कानात शिरत नाही. म्हणून तुम्ही हाकेवर आठ महिने घातलेत. मोकळ्या मैदानात दोर मातीत लोळत सोडायचा, शिट्टी एकदाच वाजवायची, आली की चिकन, आणि लगेच परत सोडून द्यायचं. आणि एक गोष्ट तुम्ही माझ्याकडून वदवून घेतलीत, बोलावून कधी रागवायचं नाही, तिने काहीही केलेलं असो, आली म्हणजे शाबासकीच. यवतेश्वरच्या पठारावर धनगराची मेंढरं दिसली तो दिवस आठवतो का? ती बाणासारखी सुटली, दोर तुमच्या हातातून घसरला, तळहाताला फोड आला, तरी तुम्ही ओरडला नाहीत, नेहमीसारखी एकच शिट्टी दिलीत. ती मेंढरांच्या अलीकडे थांबली, मागे वळली आणि आली. धनगरदादांनी पण मुंडासं मागे सारून "वा!" केलं. तुम्ही फोड आलेल्याच हाताने तिला तुकडा दिलात.

पंधराव्या महिन्यात डॉक्टरांनी एक्स-रे काढला आणि ग्रोथ प्लेट बंद झाल्यात असं सांगितलं. मला वाटलं आता सुटलो. तुम्ही म्हणालात, हाडं झाली, आता दम तयार कर. एक मिनिट पळणं, चार मिनिटं चालणं, आठवड्यात तीनच दिवस, तेही मातीवर. जेवल्यावर दोन तास पळवायचं नाही, कारण खोल छातीच्या कुत्र्याचं पोट पिळवटू शकतं. उन्हाळ्यात हाताची पालथी बाजू रस्त्यावर ठेवून बघायची, पाच-सात सेकंद सोसवलं नाही तर घरी परत. घरी आल्यावर बोटांच्या बेचक्यात आणि कानामागे गोचिड बघायचे. आणि घाटात उजाडल्याशिवाय कुत्रं घेऊन पाऊल ठेवायचं नाही, बिबट्याला आधी कुत्रं दिसतं. माझ्या रनिंग ग्रुपमधल्या चौघांनी आता पिल्लं आणलीत, त्यांना मी हे सगळं जसंच्या तसं सांगितलंय, आणि त्यातलं एकही पिल्लू तीन महिन्यांचं असताना रस्त्यावर पळालेलं नाही.

डिसेंबरमध्ये तिने माझ्याबरोबर पहिल्यांदा न थांबता पाच किलोमीटर केले तेव्हा तुम्ही समर्थ मंदिरापाशी पाण्याची बाटली आणि तिची वाटी घेऊन उभे होतात, गुडघा तेव्हाच दुखत होता, तरी चालत आला होतात. आम्ही जवळ आलो तसं तुम्ही आधी वाकून तिचे चारही पंजे उचलून बघितलेत, मग पाणी, मग माझ्याकडे बघून फक्त मान हलवलीत. मला चार रेसची मेडल्स मिळालीत, ती मान हलवणं त्याच्या वर आहे.

आता बातमी. परवा हरणी दोन वर्षांची झाली आणि सव्वासहाला, चांगलं उजाडल्यावर, आम्ही यवतेश्वरचा घाट चढून वर गेलो. पट्टा पूर्ण वेळ सैल होता. मधल्या वळणावर ती स्वतःच थांबली, मीही थांबले, पाणी प्यायलो, निघालो. वर पोहोचल्यावर मी तिचे पाय बघितले, चारही चांगले आहेत.

येताना ती तुमच्या गल्लीत वळते. रोजच वळते. फाटकापाशी बसते आणि कान उभे करून पडवीकडे बघत राहते, मी ओढत नाही, तिचं झालं की ती उठते. तुमचा दोर मी धुऊन वाळवून त्याच खुंटीला लावलाय, किल्ली शेजारच्या काकूंकडे आहे. गुडघ्याचे व्यायाम दोन्ही वेळा करा, वहिनींकडून मला कळतं तुम्ही संध्याकाळचे टाळता. पावसाळ्याआधी याल ना? पोवई नाक्यापर्यंत घ्यायला येऊ आम्ही दोघी, चालत.

तुमची पोरगी,
आणि हरणी