नडगीचे हाड गाडीची दिशा सांगते

संपादक महोदय,

नवले पुलाजवळ पादचाऱ्याला उडवून गाडी पसार झाली, की बातमीत ‘पायाचे हाड मोडले’ एवढेच येते. तपासाला ते हाड बरेच काही सांगू शकते. बंपरच्या धडकेने नडगी वाकते, ताण पडलेल्या विरुद्ध बाजूने आधी फाटते आणि कधीकधी त्रिकोणी तुकडा सुटतो. त्याचा पाया सहसा धडकेच्या बाजूला, टोक गाडी जात होती त्या दिशेला.

माराची उंची बंपरच्या उंचीशी ताडता यावी म्हणून शवविच्छेदनात टाचेपासून मारापर्यंतचे अंतर दोन्ही पायांचे वेगवेगळे मोजायलाच हवे. त्यात चपलेच्या टाचेची जाडी मिळवावी. करकचून ब्रेक लावला तर गाडीचे नाक झुकते आणि खूण बंपरच्या नेहमीच्या उंचीपेक्षा खाली येते. दोन्ही पायांवरची उंची वेगळी असेल, तर माणूस चालत असण्याची शक्यता अधिक.

नुसत्या एक्स-रेवर भागत नाही. हाड धडकेच्या जागीच मोडते असे नाही. पोटरीची कातडी उभी चिरून स्नायूत साकळलेले रक्त पाहावे लागते. पायावरून चाक गेले असेल, तर चुऱ्यात त्रिकोण शोधू नये.

पोलिसांनी मृताच्या चपला शवासोबत जरूर पाठवाव्यात.

– न्यायवैद्यकशास्त्राचे अध्यापक, पुणे