वारा, कापड आणि १.४ गुण

प्रिय सुहास,

स्की जंपिंगचा २०२४-२५ चा हंगाम संपला आणि माझे शनिवार-रविवार ओस पडले. उतारावरून घसरायचं आणि लांब जाऊन उतरायचं, यात बघायचं काय, असं तू विचारलं होतंस ना? मग ऑस्ट्रियातल्या बिशॉफ्सहोफेनचंच ऐक.

फोर हिल्स म्हणजे चार टेकड्यांवरच्या चार स्पर्धांची मालिका, त्यातली ही शेवटची टेकडी. त्याआधी तीन ऑस्ट्रियन एकमेकांना खेटून होते आणि श्टेफान क्राफ्ट पुढे. शेवटची उडी त्याचीच. पण वारा ठरेना, उडीची परवानगी देणारा दिवा हिरवा होईना, आणि हा बिचारा वर थंडीत ताटकळत. अखेर उडाला, पण जिंकला डॅनिएल चोफेनिग. यान हॉर्लला त्याने मागे टाकलं ते चार स्पर्धांची बेरीज करून फक्त १.४ गुणांनी! मोठ्या टेकडीवर एका मीटरला १.८ गुण असतात, म्हणजे फरक मीटरभराचाही नाही. पुढे विश्वचषकही चोफेनिगनेच नेला.

समोरचा वारा उचलून धरतो म्हणून गुण कापतात, पाठीमागचा खाली दाबतो म्हणून वाढवून देतात. शिवाय पाच पंचांचे शैलीचे गुण, त्यातला सर्वांत वरचा आणि खालचा बाद. लोक या हिशेबाला वैतागतात, मला तो न्याय्य वाटतो.

पण माणूस हवेवर तरंगतो म्हटल्यावर कापडाला भाव येणारच. मार्चमध्ये ट्रॉनहाइमच्या जागतिक स्पर्धेत नॉर्वेच्या संघाने तपासून शिक्का मारलेल्या सूटमध्ये गुपचूप ताठर धागा शिवला. कुणीतरी त्याचं चित्रीकरण केलं आणि बिंग फुटलं. तेही घरच्याच मैदानावर! त्यांच्या मारियुस लिंडविकचं मोठ्या टेकडीवरचं रौप्य गेलं. आपल्याला काही ठाऊक नव्हतं, असं तो आणि त्याचा संघातला जोडीदार फोरफांग म्हणाले. असेलही. पण लहान टेकडीवरचं लिंडविकचं सुवर्ण कायम आहे, आणि ते मला आता निखळ आनंदाने बघवत नाही.

मोठ्या टेकडीचं सुवर्ण स्लोव्हेनियाच्या डोमेन प्रेव्हत्सचं. त्याची बहीण निका हिने नॉर्वेतल्या विकरसुंडला २३६ मीटर झेप घेतली, महिलांचा नवा विश्वविक्रम. आणि ३० मार्चला स्लोव्हेनियातल्या प्लानित्सात, आपल्या माणसांसमोर, डोमेन २५४.५ मीटरवर उतरला! क्राफ्टचा २०१७ चा विश्वविक्रम बरोबर एका मीटरने मोडला. अरे, स्कीच्या टोकांमध्ये त्याचा चेहरा जवळजवळ दिसेनासा होतो, इतका तो पुढे झुकतो. मी तर ओरडलोच.

२०२६ च्या फेब्रुवारीत इटलीतल्या प्रेदाझ्झोला ऑलिंपिक आहे. तोवर गुणांचं गणित पक्कं करून ठेव, मला फोनवर समजावत बसायला वेळ नसेल.

तुझा,
श्रीधर