शाळा भरलेली असताना परांचीवर हातोडा का? शालेय शिक्षणमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. शालेय शिक्षणमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय : ज्यू प्रार्थनालयाच्या आवारातील शाळेत, जीर्णोद्धाराचे काम चालू असताना मुलांच्या सुरक्षिततेबाबत.

महोदय,

सादर नमस्कार.

मंगळवारी सकाळी साडेनऊच्या मधल्या सुट्टीत माझ्या पाचवीतल्या मुलाच्या कपाळावर गिलाव्याचा तुकडा पडला. भुवईच्या वर सात टाके. डॉक्टर म्हणाले, बोटभर खाली लागला असता तर डोळा गेला असता. तुकडा आला चाळीस फुटांवरून, सिनेगॉगच्या, म्हणजे ज्यू प्रार्थनालयाच्या, दर्शनी भिंतीच्या कंगोऱ्यातून. परांचीवर बसलेला एक पोरगा तिथला फुगलेला जुना गिलावा छिन्नीने उडवत होता आणि खाली सहाशे-सातशे मुलं डबे खात होती. शाळेतल्याच विज्ञानाच्या बाईंनी मला नंतर हिशेब करून दाखवला : एवढ्या उंचीवरून सुटलेली वस्तू खाली येते तेव्हा तिचा वेग ताशी ५५ किलोमीटरच्या आसपास असतो. आवाराच्या फाटकावर मात्र पाटी आहे, 'वाहने सावकाश चालवा, मुले आहेत'.

गावाचं आणि शाळेचं नाव लिहीत नाही, कारण पोरगं अजून तिथेच शिकतंय आणि दहावीपर्यंत तिथेच शिकणार आहे. मुंबई-ठाणे-रायगड या पट्ट्यात आहे एवढं पुरे. भायखळ्याच्या मागेन डेव्हिड सिनेगॉगच्या आवारात ससून घराण्याने काढलेल्या शाळा सगळ्यांना ठाऊक आहेत. आमची ती नव्हे, पण जात तीच : ज्यूंनी बांधलेलं प्रार्थनालय, त्यांनीच काढलेली शाळा, आणि आज वर्गात बसलेली बहुतेक मुलं इतर धर्मांची. या लोकांनी आमच्या पोरांना कधी परकं मानलं नाही, हे आधीच सांगतो. नाहीतर पत्राचा विषय बदलून टाकायला लोक टपलेलेच असतात.

आता आश्वासनाचं. फेब्रुवारीत शाळेच्या हॉलमध्ये पालकांची सभा झाली. व्यासपीठावर विश्वस्त होते, कंत्राटदार होता आणि एका सरकारी कार्यालयातले साहेब होते. साहेब माइकवर म्हणाले, "शाळा चालू असताना एक खिळासुद्धा ठोकला जाणार नाही. सगळं काम मे महिन्याच्या सुट्टीत." आम्ही टाळ्या वाजवल्या. मे महिन्यात परवानगीचा एक कागद कुठल्याशा टेबलावर पडून होता. तो सुटला जूनमध्ये, शाळा उघडायच्या वेळी आणि पाऊस सुरू व्हायच्या वेळी. ओल्या हवेत चुन्याचा गिलावा धड सुकत नाही, हे कंत्राटदारालाही कळतं, म्हणून पावसाळाभर नुसती परांची उभी राहिली, काथ्या भिजत राहिला. मग ज्यूंचे मोठे सण आले, सुक्कोथपर्यंत काम बंद. मग दिवाळीची सुट्टी आली. मुलं घरी, आवार मोकळं. पण मजूर छठपूजेला गावी गेले. मजूर परतले त्याच आठवड्यात मुलंही परतली आणि हातोडा सुरू झाला. मुलांच्या सगळ्या सुट्ट्या कामाने सोडल्या, महोदय. याला नियोजन म्हणतात का, हे तुमच्या खात्यातल्या कोणीतरी मला सांगावं.

आणि आठवड्याचं गणित तर याहून भारी आहे. शनिवारी शब्बाथ, म्हणजे ज्यूंचा विश्रांतीचा पवित्र दिवस, म्हणून काम बंद. ते बरोबरच आहे. ज्यांच्या पूर्वजांनी कोकणात शनिवारी घाणा बंद ठेवला आणि शनिवार तेली हे नाव पत्करलं, ते आपल्या प्रार्थनालयावर शनिवारी हातोडा कसा चालू देतील? देऊही नये. रविवारी मुलं नसतात, प्रार्थनालयाचीही हरकत नसते, पण रविवारी म्हणे मुकादम येत नाही. उरले सोमवार ते शुक्रवार. त्यातही शाळा सकाळी सात ते साडेबारा. एक वाजल्यानंतर आवारात चिटपाखरू नसतं. सोमवार ते गुरुवार दुपारी पाच तास धरा, शुक्रवारी चार, रविवारी आठ. आठवड्याला ३२ तास होतात, ज्यात एकाही मुलाच्या डोक्यावर धूळसुद्धा पडणार नाही. हे मी रिक्षाच्या पावतीच्या मागे मांडलं. यासाठी सल्लागार नेमावा लागत नाही. मी कंत्राटदाराच्या माणसाला तो कागद दाखवला तर तो म्हणाला, "साहेब, सकाळी ऊन कमी असतं, माणूस चांगला काम करतो."

परांचीबद्दलही लिहायलाच हवं. बांबूची आहे, आणि बांबूला माझा विरोध नाही, अर्धी मुंबई बांबूवर रंगवली गेली आहे. पण पावसाळाभर भिजलेला काथ्या बदलला नाही. हिरवी जाळी आहे, ती धुळीसाठी असते, दगड झेलायला नसते. तुकडे झेलायला फळ्यांचा बाहेर आलेला माच लागतो, तो नाही. खाली पत्र्याचं आच्छादन घातलेली वाट लागते, ती नाही. एक लाल-पांढरी पट्टी बांधली होती, ती पोरांनी खेळायला नेली. परांचीची सुरक्षितता कशी सांभाळावी याचं भारतीय मानक १९८७ पासून छापील आहे, राष्ट्रीय इमारत संहितेत बांधकामाच्या सुरक्षिततेचा आख्खा भाग आहे. वाचणारा कोण, हाच प्रश्न आहे.

पडणारा तुकडा निदान दिसतो. न दिसणाऱ्याचं काय? खिडक्यांच्या सागवानी चौकटींवरचा जुना रंग कोरड्या पॉलिशपेपरने घासतात. घरगुती रंगात शिशाचं प्रमाण ९० पीपीएमच्या, म्हणजे दहा लाख भागांत ९० भागांच्या, आत हवं, हा नियम आपल्याकडे लागू झाला नोव्हेंबर २०१७ मध्ये. त्याआधीच्या किती थरांत किती शिसं आहे, हे कोणी तपासलं? ती भुकटी वाऱ्याने पहिलीच्या वर्गात जाते. तिथल्या बाई रोज बाक पुसतात आणि मुलं त्याच हातांनी पोळी खातात. विचारलं तर उत्तर मिळतं, "नैसर्गिक चुना आहे हो, काही होत नाही." नैसर्गिक चुना डोळ्यात गेला तर काय होतं ते एकदा कोणीतरी करून दाखवावं.

आणि फाटक. २६/११ ला नरिमन हाउस या ज्यू केंद्रात जे घडलं त्यानंतर अशा ठिकाणी बंदोबस्त असतो, तो असलाच पाहिजे. म्हणून मागचं फाटक कायम कुलूपबंद. पुढच्या फाटकात आता वाळू, विटा आणि राबिटाचा (राडारोड्याचा) ढीग. उद्या आग लागली तर सहाशे मुलं बाहेर कुठून पडणार? माझ्या हातातली डब्याची पिशवी तिथे उघडून बघतात, मुलाच्या भाजीची चौकशी होते, आणि राबिटाचा ट्रक मधल्या सुट्टीत रिव्हर्समध्ये आत शिरतो तेव्हा त्याच्यामागे शिट्टी वाजवायलाही माणूस नसतो.

आग हा शब्द उगाच लिहिलेला नाही. न्यूयॉर्कच्या सेंट्रल सिनेगॉगचं नूतनीकरण संपत आलं होतं. ऑगस्ट १९९८ मध्ये तिथे एका कामगाराच्या ब्लोटॉर्चने पेट घेतला आणि छत खाली आलं. पुन्हा उभं करायला २००१ साल उजाडलं. ग्लासगोच्या आर्ट स्कूलची जुनी इमारत २०१४ मध्ये जळाली, आणि दुरुस्ती चालू असतानाच २०१८ मध्ये पुन्हा जळाली. त्या श्रीमंत देशांत असं होतं, तर आमच्या आवारात, जिथे गॅसकटरच्या शेजारी वाळवी लागलेल्या तुळयांचा ढीग आहे आणि आग विझवायला एक गंज चढलेली बादली आहे, तिथे काय होईल?

आता माझं सांगतो, कारण माझं कोणी विचारलेलं नाही. त्या दिवशी पोराला उचलून रिक्षात कोणी घातलं? ज्या पोराच्या छिन्नीखालून तुकडा सुटला, त्यानेच. बहराइचचा आहे, एकोणीस-वीस वर्षांचा, पायात स्लीपर, कमरेला पट्टा नाही. मी पोचलो तेव्हा तो रडत होता, आणि मुकादम मात्र त्याचा दिवसाचा रोज कापायची भाषा करत होता. मी ऑफिसातून निघालो त्याचा अर्धा दिवस कापला गेला, पुढचे दिवस बिनपगारी. माझा मणका आधीच खराब आहे, पोराला घेऊन दवाखान्याचे जिने चढलो तर आता वाकता येत नाही. बायकोची रक्तदाबाची गोळी वाढली. पोरगा रात्री दचकून उठतो. इस्पितळाच्या बिलात ड्रेसिंगच्या कापसाचे वेगळे पैसे लावलेत. कंत्राटदाराचा माणूस घरी पाकीट घेऊन आला, आत पाच हजार आणि सोबत एक छापील कागद : 'माझी कोणाविरुद्ध तक्रार नाही.' पाकीट परत केलं. नातेवाईक म्हणतात, ठेवून घ्यायचं होतं. शेजारचे म्हणतात, टाके सातच पडले ना, विषय सोडा. मंत्रिमहोदय, विषय सोडायला किती टाके लागतात, त्याचा काही जीआर आहे का?

तक्रार घेऊन फिरलो. शाळा म्हणाली, इमारत ट्रस्टची. ट्रस्ट म्हणाला, जोखीम कंत्राटदाराची, करारात लिहिलंय. एका कार्यालयात सांगितलं, आम्ही फक्त वारसा बघतो, म्हणजे कंगोऱ्याची नक्षी मूळची तशीच राहते की नाही ते. दुसऱ्या कार्यालयात सांगितलं, परवानगी अटींसह दिलेली आहे. अटी पाळल्या जातात का हे कोण बघतं, तर तो विभाग वेगळा. आणि तिसऱ्या ठिकाणी तर कमालच. ज्यूंना राज्याने २०१६ मध्ये अल्पसंख्याक दर्जा दिला, त्यामुळे "अल्पसंख्याक संस्थेत आम्हाला फारसा हात घालता येत नाही." वा! दर्जा दिला तो संस्था जगावी म्हणून. पोराच्या डोक्यात दगड पडल्यावर हात झटकायला उपयोगी पडेल, हे तेव्हा कोणाच्या लक्षात आलं होतं?

कुंभकोणमच्या शाळेत २००४ मध्ये ९४ मुलं जळाली. त्यानंतर सर्वोच्च न्यायालयाने २००९ च्या अविनाश मेहरोत्रा खटल्यात सांगितलं की शिक्षणाच्या हक्कात सुरक्षित शाळेचा हक्क येतोच, शाळा सरकारी असो की खासगी. मी वकील नाही, शिपिंग कंपनीत कारकून आहे. मला हे सापडतं आणि तुमच्या अधिकाऱ्यांना सापडत नाही? राजस्थानात पिपलोदीला २५ जुलै २०२५ रोजी शाळेचं छत कोसळून सात मुलं गेली. त्यानंतर इथेही शाळांच्या इमारती तपासायची घाई उडाली असेल, फायली तयार झाल्या असतील. आमच्या शाळेच्या फायलीत काय लिहायचं? शाळेची इमारत धडधाकट आहे, दगड शेजारच्या इमारतीतून येतो. त्यासाठी रकाना आहे का?

रकान्यांचंच राज्य आहे हे. सीएसएमटीचा पादचारी पूल मार्च २०१९ मध्ये लोकांसकट पडला, त्याआधीच्या ऑडिटमध्ये तो किरकोळ दुरुस्तीच्या रकान्यात होता. आपल्याकडे माणूस मेला की रक्कम जाहीर होते, चौकशीचे आदेश निघतात, एक कनिष्ठ अभियंता निलंबित होतो आणि वर्षभराने शेजारच्या वॉर्डात सापडतो. जखमीला तर आदेशसुद्धा मिळत नाही. १९९६ च्या कायद्याने बांधकामाच्या खर्चावर किमान १ टक्का उपकर ठरवला, कामगारांच्या कल्याणासाठी. आमच्याकडचं काम कोणी म्हणतं सहा कोटींचं, कोणी म्हणतं नऊ. सहाच धरा, सहा लाख होतात. त्या सहा लाखांतून बहराइचच्या पोराला कमरेचा एक पट्टा मिळू नये? त्याच्या कमरेला पट्टा नाही आणि माझ्या पोराच्या डोक्यावर माच नाही. पैसे मात्र जमा झालेत, पावतीसकट. आम्ही कर भरतो, उपकर भरतो, फी भरतो, आणि वर मुलाने घरून निघताना हेल्मेट घालावं की काय?

काम बंद पाडा असं मी म्हणत नाही. ती इमारत सुंदर आहे. प्रार्थनालयाची देखभाल करणारे शमाशकाका ऐंशीच्या पुढचे आहेत, दर शुक्रवारी दिवे लावायला आत जातात तेव्हा त्यांच्या डोक्यावर ओल गळते. वर्षानुवर्षं कोणीतरी सिमेंटचे लेप मारून चुन्याच्या भिंतीतली ओल आतच कोंडून ठेवली, म्हणून गिलावा फुगला. तो काढायलाच हवा. काळा घोड्याजवळच्या १८८४ च्या केनेसेथ एलियाहू सिनेगॉगचा जीर्णोद्धार झाला, २०१९ मध्ये युनेस्कोचा पुरस्कारही मिळाला. मन लावलं की होतं. पण आमच्या इमारतीच्या प्रत्येक खांबाला फाइलमध्ये नंबर आहे, रंगीत काचेच्या प्रत्येक तुकड्याचा फोटो आहे, आणि सहाशे मुलांबद्दल त्या जाडजूड फायलीत एक ओळ नाही. मी ती फाइल पाहिली आहे.

तेव्हा मागणी एवढीच. सकाळी सात ते एक परांचीवर कोणी चढणार नाही आणि आवारात ट्रक येणार नाही, असा लेखी आदेश काढा. माच आणि पत्र्याची वाट होईपर्यंत हातोडा बंद. जुना रंग ओला करूनच घासायचा. मागच्या फाटकाची किल्ली शाळा भरलेली असेपर्यंत पहाऱ्यावरच्या पोलिसाकडे. आणि हे सगळं पाळलं जातंय की नाही, याला जबाबदार असा एक माणूस. समिती नको.

सोमवारी पोराचे टाके काढायचे आहेत आणि सोमवारीच काम पुन्हा सुरू होणार असल्याचं शाळेच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आलं आहे, खाली हात जोडलेली चित्रं घालून. या पत्राची पोच मला पाठवू नका, पोचांची थप्पी आहे माझ्याकडे. फाटकावरच्या त्या 'वाहने सावकाश चालवा'च्या शेजारी एक फलक लावा : जबाबदार माणसाचं नाव, हुद्दा, मोबाइल नंबर आणि कामाच्या वेळा. फोन उचलणारा माणूस असावा.

आपला,
इयत्ता पाचवीतल्या एका मुलाचा बाप