शाळेच्या फाटकासमोर उभ्या राहणाऱ्यांना

आमच्या मुलांच्या शाळेसमोरचा रस्ता आता निर्धास्तपणे ओलांडता येतो. हे ज्यांच्यामुळे झालं त्यांची नावं मला ठाऊक नाहीत, म्हणून इथेच मनापासून आभार.

शाळा सुटताना भर पावसातही जागा न सोडणाऱ्या वाहतूक पोलीस ताई, तुमचा हात वर झाला की अख्खा रस्ता थांबतो. स्पीडगन घेऊन उभे राहणारे तुमचे सहकारीही तितकेच मोलाचे. नुसती पाटी वाचून वेग कमी करणारे थोडेच.

आणि रात्री जागून झेब्रा क्रॉसिंग पदपथाच्या उंचीला आणणारे कामगार! आता गाडी आपसूक मंदावते, लहान मूल चालकाला नीट दिसतं. ताशी ५० किलोमीटरने येणारी गाडी, चालकाचा पाय ब्रेकवर जाईपर्यंतच्या एका सेकंदात जवळपास १४ मीटर पुढे येते; ३० ने आली तर ८. त्या मधल्या ६ मीटरांत माझी लेक असू शकते.

फाटकापुढे गाड्या लावू देऊ नका, म्हणून अर्जामागून अर्ज देणारे पालक कोण, कुणी सांगेल का? परवा माझी लेक पहिल्यांदाच माझा हात न धरता पलीकडे गेली. तुम्हा सर्वांची मी ऋणी आहे.