पुन्हा त्याच माणसासमोर

20 डिसेंबर 2024, रात्र

प्रिय दिन्या,

सात महिने झाले तुला दोन ओळी लिहून. फोन केला असता, पण तुझं "काय? परत सांग" सुरू झालं की मूळ गोष्ट राहून जाते. ही गोष्ट मला ओरडून सांगायची नाही. तब्येत बरी आहे. गुडघा तसाच, गोळ्या चालू.

उद्या रियाधला उसिक आणि फ्युरी, हेवीवेटचे दोन मोठे बॉक्सर, पुन्हा समोरासमोर येतायत. तू जागणार हे ठाऊक आहे. मेमध्ये त्यांच्या पहिल्या लढतीचे पहाटे पाठवलेले तुझे गुण अजून माझ्या फोनमध्ये आहेत : 114-113, फ्युरी. एका पंचानंही तेच दिले होते, मान्य. पण दुसऱ्या दोघांनी 115-112 आणि 114-113 असे उसिकला दिले, तरी तू मला आठवडाभर आंधळा म्हणत होतास! नववी फेरी पुन्हा बघ रे. फ्युरी या दोरावरून त्या दोरावर आदळतोय, पायांत जीव नाही, दोरांनी सावरला म्हणून खाली गेला नाही. रेफरी मध्ये पडला, आकडे मोजले, आणि तेवढ्यात घंटा झाली. तोवर हा गडी एकदाही हरला नव्हता.

आज वजनं झाली. फ्युरी 281 पौंड, उसिक 226. काल पत्रकार परिषदेनंतर दोघं अकरा मिनिटं नजरेला नजर देऊन उभे होते, कुणी मान वळवेना. मी ते सगळं पाहिलं. आयबीएफ या संघटनेचा जगज्जेतेपदाचा पट्टा उसिकनं जूनमध्येच सोडला, त्यामुळे उद्या तीनच पट्टे आहेत, पण त्यानं काय फरक पडतो? पैशाचे आकडे म्हणशील तर रोज नवे ऐकू येतात. मला तर करारातली ती एकच अट दिसत राहते. हरेल त्याला पुन्हा लढत मिळेल, असं पहिल्या लढतीच्या आधीच लिहून झालं होतं. म्हणजे नववी फेरी कशी असते हे कळायच्या आधीच फ्युरीनं दुसऱ्या खेपेला होकार दिलेला होता.

आता माझं सांगतो. मी शिकवतो त्या आपल्या पोराला, तोच रे, डावा खांदा वर ठेवून चालतो तो, 4 तारखेला दुसऱ्या फेरीत नॉकआउट केलं. समोरचा डावखुरा. पोरगा उठला, हसला, मला म्हणाला, "सर, शेवटचा राउंड आहे ना हा?" तेव्हा दुसरा चालू होता. हे मी कुणाला सांगितलेलं नाही, त्याच्या आईलाही नाही.

आयोजकांना 26 तारखेला तीच जोडी पुन्हा हवी आहे. पहिल्या खेपेला गर्दी झाली म्हणून या वेळी जिंकणाऱ्याला रोख रक्कम, हरणाऱ्यालाही निम्मी. डोक्याला मार लागून नॉकआउट झालं की निदान 30 दिवस रिंगमध्ये उतरायचं नाही, हे मी त्यांना दोनदा सांगितलं. त्यांचं म्हणणं, ही प्रदर्शनी लढत, तिला नियम लागत नाही. फॉर्म टेबलावर पडलाय. पोरानं सही केली आहे, इतकी जोरात की पलीकडच्या बाजूला अक्षरं उठली आहेत. माझ्या सहीची जागा रिकामी आहे.

आणि तो मला काय सांगतो, माहीत आहे? पॅटरसन! मीच शिकवलेला पॅटरसन. जगज्जेता असताना 1959 साली योहान्सननं त्याला एकाच फेरीत सात वेळा पाडलं, आणि 1960 मध्ये त्याच योहान्सनला पाचव्या फेरीत आडवा करून किताब परत घेतला. हेवीवेटमध्ये असं करणारा पहिलाच माणूस. योहान्सनचा पाय थरथरत होता तेव्हा हाच त्याच्याजवळ गुडघे टेकून बसला होता. हे ऐकवून मी किती पोरांना उठवलं असेल.

तुलाही हेच ऐकवलं होतं दिन्या. हरल्यापासून वीस दिवसांत पुन्हा उतरवलं. तूही डावखुऱ्यासमोर हरला होतास, आणि दुसऱ्या खेपेला बक्षीस दुप्पट होतं. त्यातला माझा वाटा आपण आधीच ठरवला होता. पॅटरसनची पुढची गोष्ट मला तेव्हाही माहीत होती. 1962 मध्ये लिस्टननं त्याला 126 सेकंदांत झोपवलं. पुढच्या वर्षी रिमॅच झाली, ती चालली 130 सेकंद. चार सेकंद जास्त. हे मी तुला सांगितलं नाही. त्या दिवशी सांगितलं असतं तर तू उतरला नसतास, असं मला अजून वाटतं. तिसऱ्या फेरीत त्याचा डावा हात तुझ्या उजव्या कानावर बसला आणि तू माझ्याकडे बघितलंस. लढत थांबवायला फेकायचा टॉवेल माझ्या खांद्यावर होता. मी तो फेकला नाही.

नंतर तू त्याचा विनोद करून टाकलास. 1997 साली टायसननं होलीफिल्डचा कान तोडला तेव्हा सगळ्यांसमोर म्हणालास, "बघा, कानाचे साडेतीन कोटी डॉलर मिळतात, माझा याच्या नादानं फुकट गेला." सगळे हसले, मीही हसलो. होलीफिल्डला टायसनशी पहिल्या लढतीचे एक कोटी दहा लाख मिळाले होते आणि रिमॅचचे साडेतीन कोटी, हे आकडे तूच पाठ केले होतेस. टायसनच्या तीन कोटींतून दंड फक्त तीस लाख, त्यावरून आपण दोन दिवस भांडलो. कानाबद्दल मात्र बोललो नाही, ते आजतागायत.

पैसा वाईट, असं मी पोराला सांगू शकत नाही. त्याच्या घरी तो लागतो. रुइझचं उदाहरण दिलं : 2019 च्या जूनमध्ये हेवीवेट जगज्जेत्या जोशुआला चार वेळा पाडून जग जिंकलं, डिसेंबरला त्याच्याशीच पुन्हा लढायला 283 पौंड होऊन आला आणि सगळं घालवून बसला, तीन महिने पार्ट्या झाल्या असं स्वतःच म्हणाला. पोरगा म्हणतो, "सर, तो जिंकून बिघडला. मी तर हरलोय." याला उत्तर काय देऊ? मी नाही म्हटलं तर दुसरा कुणीतरी कॉर्नरला उभा राहील, आणि त्याला ते राउंडचं माहीत नसेल. मग वाटतं, सगळ्यांना सांगावं, आईलाही. पण त्याला ते चुगली वाटेल, तो पुन्हा माझ्याकडे येणार नाही.

तुला एक विचारायचं आहे, इतकी वर्षं विचारलं नाही. त्या दिवशी तुला उतरायचं होतं का? की मी म्हणालो म्हणून? आणि मी नाही म्हटलं असतं तर तू मला माफ केलं असतंस?

वहिनींना नमस्कार. धाकटीला नोकरी लागल्याचं कळलं, फार बरं वाटलं. घराचं काम संपलं का? ते सगळं सविस्तर पुढच्या पत्रात विचारतो.

उद्याचे गुण पाठव. मी उसिकला देणार, आत्ताच सांगतो. पण वरच्या प्रश्नाचं उत्तर लिहून पाठव, चार ओळी का होईना. आयोजकांना मी सोमवारपर्यंत थांबायला सांगितलं आहे.

तुझा,
शऱ्या