मेसचं बिल विचारणाऱ्या काका-काकूंना

आदरणीय काका आणि काकू,

साष्टांग नमस्कार.

हे पत्र सगळ्यांनी वाचावं म्हणून लिहिते आहे, आणि तरीही त्यात तुमचं नाव नाही. नाव छापायचं नाही, फलक लावायचा नाही, धनादेश देण्याचा कार्यक्रम करायचा नाही, असं तुम्ही कॉलेजला लेखी कळवलेलं आहे. ते मी पाळते. पण आभार मात्र मला चारचौघांत मानायचे आहेत. तुम्ही माझ्या शिक्षणासाठी शिष्यवृत्तीचे पैसे दिलेत हे तर आहेच. ते कसे दिलेत, हे शिष्यवृत्ती सुरू करण्याच्या विचारात असलेल्या इतरांनाही कळावं असं मला फार वाटतं.

मी सोलापूरची. आई विड्या वळते, वडील चादरीच्या कारखान्यात मागावर होते, तो बंद पडल्यापासून मिळेल त्या कामाला जातात. आमच्या भागात घरोघरी बायका मांडीवर सूप घेऊन बसलेल्या दिसतात. पानं भिजवायची, कापायची, तंबाखू भरून वळायची, गड्डी बांधायची, आणि मग ती मोजून द्यायला जायचं. तिथे खराब म्हणून बाजूला काढलेल्या विड्यांचे पैसे मिळत नाहीत. आईच्या बोटांची टोकं कायम तपकिरी असतात. दहावीनंतर मी सोलापूरच्या शासकीय तंत्रनिकेतनात सिव्हिलचा डिप्लोमा केला, कारण डिप्लोमा झाला की लवकर नोकरी लागते असं सगळे सांगत होते. शेवटच्या वर्षाचे गुण चांगले आले आणि आमच्या सरांनी इंजिनिअरिंगच्या पदवीला थेट दुसऱ्या वर्षाच्या प्रवेशाचा अर्ज भरायला लावला. २०२२ मध्ये मला पुण्याचं सीओईपी, म्हणजे कॉलेज ऑफ इंजिनिअरिंग, मिळालं.

हे कॉलेज काय आहे, हे तुम्हाला मी सांगायला नको, तुम्ही तिथलेच. पण इतर वाचणाऱ्यांसाठी सांगते. १८५४ मध्ये सार्वजनिक बांधकामासाठी माणसं तयार करायला सुरू झालेला तो वर्ग, पुढे ‘कॉलेज ऑफ सायन्स’ झाला, १९११ मध्ये अभियांत्रिकी महाविद्यालय झालं आणि मी गेले त्याच वर्षी त्याला स्वतंत्र विद्यापीठाचा दर्जा मिळाला. मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या इथेच शिकले. मुख्य इमारतीसमोर उभं राहिलं की हे सगळं अंगावर येतं. आणि माझ्या पर्समध्ये त्या दिवशी परतीच्या एसटीचे पैसे तेवढे होते.

सरकारी कॉलेजात शिकणाऱ्या मुलीला कशाला लागतात पैसे, असं मला पुष्कळांनी विचारलंय. त्यांचं फार चुकतं असं नाही. फीची सोय शासनाने केलेली आहे, आणि मी ते ऋण मानूनच सांगते. राजर्षी शाहू महाराजांच्या नावाने असलेल्या योजनेत माझी निम्मी फी माफ होती. जुलै २०२४ मध्ये आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलींची व्यावसायिक शिक्षणाची पूर्ण शिक्षण फी आणि परीक्षा फी माफ करण्याचा निर्णय झाला, त्यामुळे माझ्या शेवटच्या वर्षाची फी सुटली. आमच्यासारख्या घरांत त्या निर्णयाने काय फरक पडला, ते आमच्या गल्लीत येऊन पाहावं. पण फी वर्षातून एकदा भरायची असते. मेसचं बिल दर महिन्याला येतं. वसतिगृहाचं डिपॉझिट पहिल्या दिवशी लागतं. कोणताही भत्ता म्हटला की कागद आले: उत्पन्नाचा दाखला, रहिवासी दाखला, आधारला जोडलेलं खातं, कॉलेजची तपासणी, त्यावरची तपासणी, मग हप्ता. हे सगळं रीतीनुसारच होतं आणि त्याला महिने लागतात. ते महिने मुलगी काय खाऊन काढते, हा प्रश्न कोणत्याच अर्जात नसतो.

उत्तर पुण्यातल्या कुठल्याही वसतिगृहात मिळेल. एकवेळची मेस. दुपारी जेवायचं आणि रात्री बिस्किटाचा पुडा, नाहीतर खोलीत कुणाच्या तरी घरून आलेला चिवडा. किंवा उलट. ‘मी डाएटवर आहे’ असं म्हणणाऱ्या मुलींपैकी निम्म्या तरी खरं सांगत नसतात. दुसऱ्या वर्षाला सर्व्हेचं, म्हणजे जमीन मोजण्याचं, प्रॅक्टिकल असतं. उन्हात ट्रायपॉड उचलून जागा बदलत राहायची, लेव्हल लावायची, रीडिंग घ्यायची, वहीत लिहायची. रात्री नीट न जेवलेल्या मुलीच्या हातून तिसऱ्या-चौथ्या स्टेशननंतर आकडे चुकायला लागतात आणि शेवटी क्लोजिंग एरर आली, म्हणजे सगळ्या मोजणीचा हिशेब जुळला नाही, की तिलाही वाटतं, आपल्याला हे जमणारच नाही. जमत नाही ते पोटामुळे, डोक्यामुळे नाही, हे तिला कोण सांगणार?

पहिल्याच सत्रात शिष्यवृत्ती विभागातल्या मॅडमनी मला बोलावून एक अर्ज हातात दिला. दोन पानांचा. त्याला तुमचं एक टंकलिखित पत्र जोडलेलं होतं. मी ते तिथेच उभ्याने वाचलं. रक्कम किती, तर ‘त्या वर्षीचं दोन वेळच्या मेसचं बिल जितकं असेल तितकी’. केव्हा, तर ‘सत्र सुरू होताना, पहिल्या आठवड्यात’. आणि पुढे: ‘एका सत्रात विषय राहिला, तर केवळ त्या कारणाने शिष्यवृत्ती थांबवू नये. अशा वेळी तिची गरज कमी झालेली नसते.’ काका, हे वाक्य मी पाठ केलंय.

रकमेचं हे गणित मला तेव्हा नुसतंच छान वाटलं होतं, त्याचं मोल नंतर कळलं. जुन्या कॉलेजांमधून देणगीदारांच्या नावाची पारितोषिकं असतात. कुणीतरी फार पूर्वी ठेव ठेवलेली असते, तिच्या व्याजातून दरवर्षी एका विद्यार्थ्याला रक्कम मिळते. ठेवली तेव्हा त्या व्याजात वर्षाचा खर्च निघत असणार. आज त्यात एक पुस्तक येत नाही. देणाऱ्याच्या मनात खोट नव्हती, भाव वाढत गेले आणि ठेव तिथेच राहिली. तुम्ही आयुष्यभर पाटबंधारे खात्यात एस्टिमेटं केलेली, दरसूची दरवर्षी बदलते हे तुमच्या हाडात भिनलेलं. म्हणून तुम्ही आकडा लिहिलाच नाही. दर जूनमध्ये तुम्ही रेक्टर मॅडमना फोन करता आणि विचारता, यंदा मेसचं बिल किती झालं? मग तेवढी रक्कम पाठवता. पेन्शनीतून. हे मला मॅडमनी सांगितलं, तेव्हा मी बराच वेळ काही बोलू शकले नाही.

आणि काकू, तुम्ही. पहिल्या वर्षी मी आभाराचा फोन केला, तर काकांनी ‘बरं, बरं, अभ्यास कर’ म्हणून फोन तुमच्याकडे दिला. तुम्ही विचारलंत, सकाळी काय खातेस? मी म्हटलं, नाश्ता मेसच्या बिलात धरत नाहीत, तो वेगळा असतो. तुम्ही म्हणालात, अस्सं. एवढंच. पुढच्या जूनमध्ये रक्कम आली ती नाश्ता धरून आली. आम्हा सगळ्या मुलींची. त्या वर्षीपासून सकाळच्या लेक्चरला मी पोहे नाहीतर उपमा खाऊन बसले, आणि खरं सांगते, आरसीसी डिझाइनसारखा, म्हणजे सळ्या घातलेल्या काँक्रीटच्या बांधकामाचं गणित मांडण्याचा, विषय मला त्या वर्षी आवडायला लागला.

माझ्या खोलीत एक मैत्रीण होती, तीही तुमच्याच शिष्यवृत्तीवर. तिसऱ्या वर्षाला असताना तिच्या वडिलांना अपघात झाला, ती महिनाभर गावी दवाखान्यात होती, आणि त्या सत्रात तिचे दोन विषय राहिले. निकालाच्या दिवशी तिने बॅग भरायला घेतली होती. आता पैसे बंद होणार, हे तिने धरूनच ठेवलं होतं. मी तुमचं ते पत्र कपाटातून काढून तिच्यापुढे धरलं. तिने विषय काढले, वेळेत डिग्री घेतली आणि आज एका पुलाच्या कामावर साइट इंजिनिअर आहे. गुणांची अट घालणाऱ्या दात्यांना मी दोष देत नाही, त्यांनाही आपला पैसा सत्कारणी लागावा असं वाटत असतं. पण अट घालताना एवढा विचार करावा, अशी हात जोडून विनंती आहे. मुलं बहुतेक वेळा घरी काही घडलं म्हणून मागे पडतात, आणि नेमकी तेव्हाच त्यांना मदत हवी असते.

मदत घेताना मान खाली घालावी न लागणं, याचं महत्त्व न घेणाऱ्याला कळणं अवघड आहे. मला इतर काही ठिकाणचे अर्ज आठवतात. घराचा फोटो जोडा, वडिलांच्या बेकारीबद्दल निबंध लिहा, मग समारंभाला हार घेऊन उभे राहा. तुमच्या अर्जात घरची परिस्थिती सांगायला चार ओळी होत्या आणि पुढचे दीड पान मला काय शिकायला आवडतं, यासाठी होतं. त्यात मी पाण्याबद्दल लिहिलं होतं. सोलापुरात नळाला रोज पाणी येत नाही, चार-पाच दिवसांनी येतं आणि त्या दिवशी आईचं विड्यांचं काम मागे पडतं, कारण घरातली सगळी भांडी भरायची असतात. ते पाणी येतं उजनी धरणातून. तुमची उमेदीची वर्षं उजनीच्या कामावर गेली, हे मला पुष्कळ नंतर समजलं. म्हणजे तुमची माझी ओळख होण्याच्या कितीतरी आधीपासून तुमच्या हातचं काम आमच्या घरापर्यंत पोहोचत होतं.

विश्वेश्वरय्यांचं उदाहरण आम्हाला दर १५ सप्टेंबरला अभियंता दिनी ऐकवलं जातं. त्यांची धरणं सांगतात, खडकवासल्याची स्वयंचलित दारं सांगतात, भारतरत्न सांगतात. मला त्याच्या आधीची गोष्ट जास्त जवळची वाटते. वडील लहानपणी गेलेले, बंगळूरला शिकवण्या करून बी.ए. केलेलं, आणि मग मैसूर संस्थानाच्या मदतीवर पुण्यात येऊन आपल्याच कॉलेजात इंजिनिअरिंग शिकलेला तो मुलगा. १८८३ मध्ये ते पहिल्या क्रमांकाने उत्तीर्ण झाले. ती मदत झाली नसती तर? तसंच कोल्हापूरचं. राजाराम कॉलेज होतं, शिक्षक होते, पण खेड्यातल्या पोराने शहरात राहायचं आणि जेवायचं कुठे, हे शाहू महाराजांनी ओळखलं आणि १९०१ पासून एकामागून एक बोर्डिंगं उभी केली. साताऱ्यात कर्मवीर भाऊराव पाटलांच्या बोर्डिंगातल्या मुलांच्या जेवणासाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिले. आपल्याकडे शिक्षणाची दारं उघडणाऱ्यांनी ताटाची काळजी पहिल्यांदा केली आहे. तुम्ही त्यांच्याच वाटेने गेलात, म्हणून ही नावं घेतली. तुम्हाला संकोच वाटेल, तरी घेतली.

आता माझ्याबद्दल. पदवी झाली. पुण्यातच पाणीपुरवठा योजनांचे आराखडे करणाऱ्या एका कंपनीत लागले आहे. गावांची लोकसंख्या, उंच टाकीची जागा, पाइपचा व्यास, शेवटच्या नळाला किती दाब मिळतो, हे दिवसभर संगणकावर मांडत असते आणि आठवड्यातून एकदा साइटवर जाते. काम अवघड आहे आणि मला ते अतिशय आवडतं. शेवटच्या नळाचा हिशेब करताना मी दोनदा तपासते.

तुमच्या शिष्यवृत्तीवर शिकलेल्या आम्ही सहाजणी आता कमावत्या आहोत. आम्ही मिळून यंदा एका मुलीचं वर्षभराचं मेसचं बिल उचललं आहे, तुमच्याच पत्रातल्या अटींवर, एकही शब्द न बदलता. डिप्लोमा करून आलेली मुलगी आहे, इलेक्ट्रिकलला. पैसे सत्राच्या पहिल्या आठवड्यात तिच्या खात्यात गेले. तुम्हाला विचारून करायला हवं होतं, पण तुम्ही ‘आधी स्वतःचं बघा’ म्हणाला असता, म्हणून केल्यावर कळवते आहे. रेक्टर मॅडमना जूनमध्ये आता दोन फोन येतील.

आईला लिहिता येतं, पण तिचा निरोप तिने मलाच लिहायला सांगितला आहे. ती म्हणते, पोरगी पुण्यात असताना मला एकच घोर असायचा, जेवली असेल का. तुमच्यामुळे मी रात्री झोपत होते. वडिलांनी तुम्हा दोघांसाठी सोलापुरी चादर घेऊन ठेवली आहे, मागावरच्या माणसाने निवडलेली आहे, तेव्हा ती नक्की चांगली निघेल. आईने शेंगाची चटणी आणि कडक भाकरी द्यायचं ठरवलंय. काकू, तुम्हाला तिखट कितपत चालतं, एवढं फोनवर सांगा. पुढच्या महिन्यात मी सोलापूरला जाऊन येते, येताना सगळं घेऊन थेट तुमच्याकडेच येईन.

तुमची,
सिव्हिलची सोलापूरकर