सोयाबीनला सोयाबीनचेच जिवाणू द्या

संपादक महोदय,

नागपूर परिसरात पेरणीच्या घाईत जिवाणू खताचे पाकीट पिकाचे नाव न पाहताच घेतले जाते. सोयाबीनला ब्रॅडीरायझोबियम हा जिवाणू लागतो, हरभऱ्याला मेसोरायझोबियम. पिकाच्या मुळांतून स्रवणारी फ्लेवोनॉइड द्रव्ये जिवाणूंनी ओळखली तरच त्यांतील गाठ घडवणारी ‘नॉड’ जनुके जागी होतात आणि मुळावर गाठ धरते. गाठीत हवेतला नत्र पिकासाठी बांधणारी ‘निफ’ जनुके वेगळी. कित्येक जिवाणूंत ही सारी जनुके डीएनएच्या एका सरकत्या, म्हणजे दुसऱ्या जिवाणूत जाऊ शकणाऱ्या, तुकड्यात असतात. न्यूझीलंडमध्ये लोटस या चारापिकाला दिलेल्या जिवाणूंचा असा सुमारे ५ लाख बेसजोड्यांचा (डीएनएच्या अक्षरांचा) तुकडा मातीतल्या स्थानिक जिवाणूंनी उचलला. १९९५ मध्ये हे जनुक-स्थलांतर प्रसिद्ध झाले. असे नवे जिवाणू गाठी करतात, पण नत्र बांधण्यात कमी पडू शकतात. म्हणून नुसत्या गाठी मोजून समाधान मानू नये.

किलोभर बियाण्याला २५ ग्रॅम संवर्धन (पाकिटातले जिवाणू खत) पुरते. बुरशीनाशक आधी, जिवाणू सर्वांत शेवटी. सावलीत सुकवून त्याच दिवशी पेरा. सुमारे ४० दिवसांनी रोप खणून काढा (उपटले तर गाठी मातीतच राहतात) आणि गाठ कापा. आत गुलाबी हवी. पांढरी किंवा हिरवट गाठ नत्र देत नाही, आणि जादा युरियाने गाठीच कमी धरतात.

तापलेल्या टिनाखाली ठेवलेल्या पाकिटात जिवंत जिवाणू फारसे उरत नाहीत. विक्रेत्यांनी पाकिटे थंड जागी ठेवावीत, पीक आणि अंतिम तारीख दाखवूनच विकावीत.

— मृदा सूक्ष्मजीवशास्त्राचे काही अभ्यासक, नागपूर